सिनेमे पाहाले या, मुक्काम करा

आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी दिवाळीच्या सुटीनंतर स्टाफरूममध्ये मोबाईलवर फोटो दाखवले. त्यांच्या घरी म्हणे दोन दिवस नुसते सिनेमे चालले होते. सगळ्यांचे कपडे एका रंगाचे, टेबलावर सिनेमाला जुळणारे पदार्थ, मधोमध केक. मी फोटो बघितले, "वा, मस्त" म्हटलं, आणि घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं की हे आपणही करायचं आणि केकशिवाय करायचं. दुसऱ्याचं चांगलं पाहिलं की मला खरंच आनंद होतो. फक्त तो आनंद मला स्वस्थ बसू देत नाही.

नवऱ्याला सांगितलं तर त्यानं पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, "कोण कोण?"

"आई. आत्याबाई. आणि धाकटी."

तेव्हा मात्र पेपर खाली आला. "धाकटी येईल?"

धाकटी म्हणजे माझी बहीण. धानोऱ्याला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. लग्न केलेलं नाही. माझ्यापेक्षा हुशार, माझ्यापेक्षा हसरी, आणि घरात काही कार्यक्रम निघाला की तिला नेमकी ड्युटी लागते. आधी मला ते खरं वाटायचं. मग एका वर्षी मी तिच्या मैत्रिणीला सहज फोन केला, तेव्हा कळलं की बाईसाहेब सुटी टाकून खोलीवर झोपल्या आहेत. ती आम्हाला टाळत होती. आणि का टाळत होती, तेही मला चांगलं माहीत होतं.

आमच्या चंद्रपूरकडच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगाव नाटकं लागतात. रात्री सुरू झालेलं नाटक सकाळी संपतं. ज्या गावात नाटक, त्या गावात घरटी पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, त्यांच्या ओळखीचे येतात, आणि या गर्दीत लग्नाळू पोरांचे आईबाप हळूच येऊन बसतात. पोरगी पाहायला आलो असं कोणी म्हणत नाही. नाटकाला आलो म्हणायचं. मध्येच घरी जाऊन चहा घ्यायचा, पोरीच्या हातचा. पसंत पडली तर बोलणी, नाही पडली तर नाटक छान होतं म्हणून उठायचं. कोणाचा मान जात नाही. माझं लग्न असंच जुळलं. त्या रात्रीचं नाटक कसं होतं, हे माझ्या नवऱ्याला आजतागायत सांगता आलेलं नाही.

माझं एका नाटकात भागलं. धाकटीची नाटकं संपेचनात. एकाला रंग सावळा वाटला, एकाला रात्रपाळीची नोकरी खटकली, एकाला ती जास्त शिकलेली वाटली. तिची पुस्तकं, तिची नोकरी, तिचा आवाज, सगळं त्या चहाच्या कपाबरोबर तपासून झालं. शेवटी तिनं नाटकाला येणं सोडलं, मग नामकरणं, वाढदिवस, सगळंच सोडलं. आई फोनवर म्हणायची, "पोरगी हातची गेली." मला आईचा राग यायचा आणि कीवही यायची.

म्हणून माझ्या डोक्यात त्या सिनेमांचा खरा हिशोब वेगळा होता. केकबिक सोडा. मला माझी बहीण घरात परत हवी होती. मी तिला फोन केला.

"कोण येऊन राह्यलं?" तिचा पहिला प्रश्न.

"आई आन आत्याबाई. दुसरं कोणी नाई."

"ताई, मले कोणाले दाखवणार नाई ना?"

"कोणी कोणाले दाखवणार नाई. सिनेमे पाह्याचे, खायाचं, लोळाचं. माया शब्द."

पलीकडे ड्युटीच्या तक्त्याची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "एकडाव येतो. तुझ्या शब्दावर येतो. पर तसलं काई निघालं ना ताई, तं मंग मी तुझ्याबी घरी येणार नाई." ती हे रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते. ती अगदी शांतपणे म्हणाली.

लगोलग मी आत्याबाईंना फोन लावला. आत्याबाई म्हणजे वडिलांची बहीण, कोरपन्याकडे दिलेली. वडील गेल्यावरही त्या आमच्याकडे माहेरपणाला येतात आणि माहेरचं सगळं त्याच ठरवतात. मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर ते मला अनेकदा म्हणून दाखवावं लागलं. मी म्हटलं, "आत्याबाई, या शनवारी-रयवारी सिनेमे पाहाले या, मुक्काम करा, जेवण इथीच. धाकटीबी येऊन राह्यली."

"धाकटी येऊन राह्यली?" आत्याबाई म्हणाल्या. "बरं बरं. समजलं. येतो."

यात न समजण्यासारखं काय होतं, असं मला वाटलं, आणि मी फोन ठेवून वाटाणे सोलायला बसले.

आता तयारी. एकेका सिनेमाला एकेक विषय आणि विषयाला धरून जेवण, असा माझा बेत. शनिवारी सकाळी जंगलाचा सिनेमा, दुपारी भुताचा, रविवारी कोर्टाचा. जंगलाच्या सिनेमाला जंगलातलं खायचं: वाळवलेल्या वास्त्यांची म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी, मोहफुलाचे लाडू, आणि सगळं पळसाच्या पत्रावळीवर. भुताच्या सिनेमाला सगळं पांढरंफटक: तांदळाच्या पिठाचे आयते म्हणजे धिरडी, दहीभात, मुळ्याची कोशिंबीर, खीर. कोर्टाच्या सिनेमाला तर्री पोहे, कारण आमच्याकडे कोर्टाच्या पायरीवर चढलेला माणूस बाहेरच्या गाडीवर तर्री पोहे खाल्ल्याशिवाय घरी जात नाही. या शेवटच्या कल्पनेवर मी स्वतःच फार खूश होते.

नवरा वीजकेंद्रात नोकरीला. त्यानं लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राकडून प्रोजेक्टर आणला, बैठकीच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून बसवली आणि खिडक्यांना चादरी लावल्या. आई आरमोरीकडच्या गावाहून भावाकडून गुरुवारीच आली. पिशवीत वास्ते, मोहफुलं, सोबत पाटीभर सल्ले.

"जंगल पाहाले पिक्चर कायले पाह्यजे?" आई म्हणाली. "गावाले चाल. घराच्या मांगंच हाय."

पण शुक्रवारी संध्याकाळी बघते तर आईनं त्या चादरीसमोर, अगदी मधोमध, आपली चटई अंथरून ठेवलेली. गावात नाटकाची जागा धरायला लोक सकाळीच बोऱ्या अंथरतात, तशी. मी म्हटलं, "आई, आपण पाचच जण हावो." ती म्हणाली, "राहू दे. कोणी येऊन बसलं तं?" तिला नाटकाचं केवढं वेड होतं, ते मी विसरलेच होते. कोण कुठल्या कंपनीत गातो, कोणाचा खलनायक भारी, ती जेवता जेवता सांगत असे.

धाकटी शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला पोचली. बॅग खाली टाकली, आईच्या चटईकडे बघितलं आणि खळखळून हसली. मग आईच्याच चटईवर आडवी झाली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डोळे पुसले. कांदाही चिरत नव्हते.

शनिवारी सकाळी आत्याबाई यायच्या होत्या, पण त्यांचा पत्ता नाही. फोन लावला तर म्हणाल्या, "निघालो, निघालो, तुमी सुरू करा." आम्ही सुरू केलं. जंगलाचा सिनेमा कुठल्याशा मोठ्या शहरातल्या लोकांनी काढलेला असावा. आमच्या घरातले चौघे असे प्रेक्षक की त्यांना वाघाबद्दल काही शिकवायला जाऊ नये. पडद्यावर नायिका लाल साडी नेसून एकटीच जंगलात गाणं म्हणत निघाली तेव्हा आई म्हणाली, "हिचा फॉरेस्टवाला कुठी हाय?" नायक झाडावरून वाघाच्या पाठीवर उडी मारतो, तिथं नवऱ्यानं सिनेमा थांबवला आणि हे कसं शक्य नाही, यावर उभं राहून भाषण दिलं. वीजकेंद्राच्या रस्त्यावर त्याला एकदा खराखुरा वाघ दिसला होता आणि तेव्हापासून वाघ हा त्याचा विषय आहे. धाकटी म्हणाली, "भाऊजी, तुमी तवा गाडीच्या आतच होते ना?" आम्ही पोट धरून हसलो. एक गाणं आईला एवढं आवडलं की ती मोठ्यानं "वन्समोर" म्हणाली, आणि नवऱ्यानं मागे नेऊन ते परत लावलं. नाटकात वन्समोर म्हटलं की नट परत गातो, मग सिनेमानं का नाही गायचं?

सिनेमा संपला, मी पत्रावळ्या मांडत होते, तेवढ्यात बाहेर जीप थांबली. मी दार उघडलं. आत्याबाई उतरल्या. त्यांच्यामागून एक बाई उतरली, जरीच्या काठाची साडी, पर्स छातीशी धरलेली. तिच्यामागून एक माणूस उतरला. चाळिशीचा, कपाळ जरा मोठं, अंगात इतका कडक इस्त्रीचा शर्ट की जीपमध्ये तो उभाच आला असावा. हातात पेढ्यांचा डबा.

मला एका क्षणात सगळं कळलं. माझं फोनवरचं वाक्य मला स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं. या, मुक्काम करा, जेवण इथीच, धाकटीबी येऊन राह्यली. झाडीपट्टीत लग्नाळू पोरीच्या घरून असा निरोप गेला तर त्याचा अर्थ एकच होतो. सिनेमाऐवजी नाटक म्हटलं असतं तर मलाही उमगलं असतं. पण चंद्रपुरात राहून, शाळेत शिकवून, मी विसरले होते की आत्याबाईंच्या लेखी पडदा तो पडदा.

"जयभीम," तो माणूस वाकून म्हणाला. "जयभीम," मी म्हणाले, आणि दुसरं काय म्हणणार होते? दारात उभ्या माणसाला चुकून आलात असं सांगता येतं का?

आत्याबाईंनी मला बाजूला घेतलं. "सिमेंट कंपनीत वजनकाट्यावर हाय. पयली बायको वारली, लेकरूबाळ नाई. संगं बहीण आली हाय त्याची. सभावानं गरीब हाय. तू निरोप धाडला, मंग मी रिकाम्या हातानं कशी येऊ?"

"मी निरोप नाई धाडला, आत्याबाई! मी सिनेमाले बलावलं!"

"थेच तं," आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर कौतुकानं थोपटलं. पोरगी शहरात राहून किती आडून बोलायला शिकली, असा तो हात होता.

धाकटी स्वयंपाकघरात होती. मी आत गेले तर ती पदार्थ झाकून ठेवत होती. बैठकीतले आवाज तिनं ऐकले होते. तिला बघायचीही गरज नव्हती. पेढ्यांचा डबा आणि नवी साडी इतक्या वर्षांत तिला वासानं ओळखू येत होती.

"तू शब्द देला होता, ताई."

"मी नाई बलावलं त्याइले. आईशप्पत नाई."

"असू दे." ती रागावलेली नव्हतीच. तेच वाईट होतं. "मी चारच्या गाडीनं जातो. जेवण वाढून देतो, मंग जातो."

"तू कोणाले काई वाढाचं नाई," मी म्हणाले. माझा आवाज चढला. "हे माझं घर हाय. इथी तू पाहुणी हायेस."

ती हसली. "पाहुणी! ताई, तुले माहीत हाय, आपल्या गावची सारी नाटकं मले पाठ हायेत, पर अर्धी. पुरं नाटक मी एकबी पाहलं नाई. रंगात आलं का आईचा हात खांद्यावर. ऊठ, चहा टाक, पाहुणे घरी आले. शेवटी कोण मेलं, कोणाचं लगन झालं, मले दुसऱ्या दिवशी पोट्ट्या सांगत. मले वाटे, आपलंबी तसंच. आपलं काय झालं, थे दुसरेच सांगतीन."

दारात आई उभी होती. हातात पत्रावळ्यांचा गठ्ठा. किती वेळची उभी होती कोण जाणे. तिनं गठ्ठा ओट्यावर ठेवला आणि बाहेर गेली.

मी धाकटीला म्हटलं, "चार वाजाले येळ हाय. भुताचा सिनेमा पाहून घे. मंग जा. मी स्वतः स्टँडवर सोडून देतो." भुताचे सिनेमे तिचे लाडके. वॉर्डात रात्रपाळी करणारी बाई, तिला भुतं म्हणजे विनोदी पात्रं वाटतात. ती हो म्हणाली, पण बॅग आणून दाराशी ठेवली. मला त्या बॅगेकडे बघवेना.

जेवणं कशीबशी झाली. पाहुण्याच्या बहिणीनं पत्रावळीकडे बघून आत्याबाईंकडे बघितलं. तिला पुरी-श्रीखंडाची सवय असावी. तिचा भाऊ मात्र वास्त्यांची भाजी मागून मागून खात होता. "माही आई करे अशी," एवढंच तो म्हणाला. मला त्याचा राग करायचा होता आणि जमत नव्हतं.

नवऱ्यानं मला मोरीपाशी गाठलं. त्याचा बेत साधा होता. "सिनेमा बंदच करायचा नाही. अंधारात कार्यक्रम कसा करतील? विचारपूस करायला तोंड तर दिसलं पाहिजे." संसारात मला त्याचा असा अभिमान फार वेळा वाटलेला नाही. आम्ही पत्रावळ्या उचलल्या न उचलल्या तोच दिवे बंद केले.

भुताचा सिनेमा सुरू झाला. जुन्या बंगल्यात नवं जोडपं राहायला येतं, विहिरीतून आवाज येतात, वगैरे. आई तिच्या चटईवर, शेजारी धाकटी, मागे आत्याबाई आणि पाहुणे. पहिल्यांदा विहिरीतून पांढरा हात वर आला तेव्हा धाकटी फिसकन हसली. मागून "अगा माय!" असं ऐकू आलं. ते त्या माणसाचं होतं. मी वळून बघितलं तर त्यानं रुमाल डोळ्यांवर धरला होता आणि रुमालाच्या कडेवरून बघत होता. दुसऱ्यांदा हात आला तेव्हा त्यानं शेजारच्या बहिणीचा हात धरला. धाकटी तोंडात पदर कोंबून हसत होती. किती दिवसांनी ती माझ्या घरात अशी हसली! मी मनात म्हणत होते, चार वाजू नयेत.

मग पडद्यावर मध्यंतराची पाटी आली. नवऱ्यानं बटण दाबून ती पुढे सारली, पण तेवढा उजेड पुरला. पाहुण्याची बहीण आईला म्हणाली, "बाई, आता मुलीच्या हातचा चहा होऊन जाऊ द्या. आमाले अंधाराच्या आत परत जाचं हाय."

आत्याबाईंनी लगेच धाकटीच्या खांद्याला हात लावला. "ऊठ माय. चहा टाक."

आणि धाकटीनं उठायला जमिनीवर हात टेकला. मनात नसताना, बॅग दाराशी असताना, नुसत्या सवयीनं तिचा हात जमिनीवर टेकला. मी काही बोलणार, त्याआधी आई बोलली.

"तू बस."

आईचा आवाज मोठा नव्हता. धाकटीचा हात तसाच राहिला.

"वयनी, असं काय करता?" आत्याबाई म्हणाल्या. "लोकं दुरून आले."

"आले, चांगलं झालं. जेवले, बसले, आनंद वाटला," आई म्हणाली. "पर माही पोरगी पिक्चर पाहाले आली हाय. तिले मंधातून उठवाचं नाई. आजवर मी लय उठवलं. चहा मी टाकतो."

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. बैठकीत कोणीही हललं नाही. पडद्यावरची नायिका एकटीच किंचाळत होती. आई स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली तेव्हा धाकटी म्हणाली, "आई, तू कायले जातेस? तुलेबी पाह्याचं हाय ना?"

"मले सवय हाय," आई म्हणाली. "मी तरी कुठी पाहलं पुरं? तुले उठवलं का मीबी उठो. पाहुण्याइचं कोण पाहीन मंग?"

हे आई अगदी सहज म्हणाली. दूध संपलं, असं सांगावं तसं. माझी आई, जिला प्रत्येक नटाचं नाव पाठ होतं, जी सकाळपासून जागा धरून ठेवायची, तिनं आधी माझ्यासाठी आणि मग एवढी वर्षं धाकटीसाठी, एकही नाटक शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं. आणि आम्हा दोघींपैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. धाकटीला वाटायचं की आपल्याला उठवून आई परत जाऊन बसते.

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "थांबवा थो पिक्चर."

नवऱ्यानं थांबवला. पडद्यावर विहीर आणि अर्धा हात.

"आई आल्याबिगर सुरू कराचा नाई."

आता पाहुण्यांसकट सगळे त्या अर्ध्या हाताकडे बघत बसले. तेवढ्यात तो कडक शर्टातला माणूस उभा राहिला. घसा खाकरून म्हणाला, "बाई, तुमी बसा. चहा मी टाकतो. खरं सांगतो, मले हा पिक्चर पाहवत नाई."

त्याची बहीण म्हणाली, "अरे, तू कायले?" पण तो स्वयंपाकघरात शिरलासुद्धा. मी मागोमाग गेले, साखरेचा डबा दाखवला. तो चहात आलं ठेचून घालत म्हणाला, "ताई, रागावू नका. मले सांगलं होतं का सिनेमे हायेत, म्हून आलो. जीपमंधी बसल्यावर समजलं. एकटा राहतो तं कोणी कुठी बलावलं का बरं वाटते." बाहेरून सिनेमा सुरू झाल्याचा आवाज आला, आणि त्याच्या हातातला चमचा खाली पडला. मी हसले, तोही हसला. मग कपांचा ट्रे घेऊन तो बाहेर गेला, पडद्याकडे पाठ करून, आणि आधी आईला चहा दिला, मग धाकटीला. साखर फार झाली होती. सगळ्यांनी मुकाट्यानं प्यायला.

चारची गाडी कधी गेली, कोणाच्या लक्षात आलं नाही. सिनेमात शेवटी भूत म्हणजे बंगल्याचा जुना नोकर निघाला, आणि आत्याबाई म्हणाल्या, "मी पयलेच म्हटलं होतं." त्यांनी काहीही म्हटलं नव्हतं.

लग्न जुळलं का, असं मला अजून लोक विचारतात. नाही जुळलं. पाहुणे गेले, जाताना तो माणूस धाकटीला "जयभीम, सिस्टर" म्हणाला आणि ती त्याला म्हणाली, "दिवा लावून झोपजा." एवढंच. पांढरं जेवण आम्ही रात्री घरचेच बसून संपवलं. आत्याबाई मुक्कामाला राहिल्या, थोडा वेळ फुगून बसल्या, आणि खीर आल्यावर मोकळ्या झाल्या. रविवारी कोर्टाच्या सिनेमात त्यांनी आरोपीची बाजू इतकी जोरात घेतली की माझ्या तर्री पोह्यांचं कौतुक करायचं राहून गेलं. ते मी अजून विसरलेले नाही.

सोमवारी सकाळी धाकटीनं बॅग उचलली आणि आईला म्हणाली, "तुझीबी पिशवी भर. चाल मायासंगं. तिकडं गावात या हप्त्यात नाटक हाय."

"तिथी आपलं कोण हाय?" आई म्हणाली. "कोणाच्या घरी उतरावं?"

"कोणाच्याच नाई. माया खोलीवर. आपल्याकडे कोणी पाहुणे येणार नाई."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी तिची पिशवी भरायला घेतली, कारण तिनं आधी चटई गुंडाळायला घेतली होती.

त्या आठवड्यात एका पहाटे माझा मोबाईल वाजला. उजाडायचं होतं. दवाखान्यातली नोकरी, एवढ्या लवकर फोन, मी धडपडत उठले. उचलला तर पलीकडे लाउडस्पीकरवर कोणीतरी आभार मानत होतं, लोक बोऱ्या झटकत होते, थंडीत खोकत होते.

"ताई," धाकटी म्हणाली, "आत्ता संपलं. आम्ही दोघीबी उठलो नाई."

मागून आई तिला म्हणत होती, "जरा थांब ना. पडदा पडू दे पुरा."